उंबऱ्यात अडकलेली दस्ती

एकवीस वर्षं बसचं दार आपटण्यात काढल्यावर मारोती वाघमारेंना विष्णुपुरीच्या यानतळावर दारवाल्याची नोकरी लागली. बसचं दार नीट लागलं नाही तर धूळ आत येते. यानाचं लागलं नाही तर माणसं बाहेर जातात. प्रशिक्षणात हा फरक त्यांना एका दुपारात समजावून दिला. बायकोला, भामाबाईंना, तो त्यांनी कधी सांगितला नाही. "दार लावायचं अन् बसायचं, दुसरं काय," एवढंच ते घरी म्हणत. त्यांची झोप मात्र पहिल्या खेपेपासूनच कमी झाली होती.

दार लावण्यापूर्वी चौकटीच्या रबरावरून चारी बाजूंनी तळहात फिरवायचा, हे त्यांचं काम. हिरवा दिवाही होता; पण दिव्याला बायकापोरं नसतात, म्हणून मारोती हातावर भिस्त ठेवत.

त्या सकाळी बिलोलीचे ग्यानोबा, वय पंचाहत्तर, बायको केवळाबाईंना घेऊन वरच्या स्थानकावर नोकरीला असलेल्या लेकाकडं निघाले होते. तिकिटावर जागेचा क्रमांक छापलेला होता. छापलेल्यावर आपल्याकडं कोण विश्वास ठेवतो? झाडलोट चालू असतानाच ग्यानोबांनी उघड्या दारातून दस्ती, म्हणजे आपला हातरुमाल, टाकून दाराजवळची जागा धरली. दस्तीचं टोक उंबऱ्यावर पडलं. त्यावर त्यांनी पिशवी ठेवली, पिशवीवर पाय.

"काका, पाय जरा उचलता का?"

"उचलले की मघाशी! गुडघे हायेत बाबा, जॅक न्हाई."

वडीलधाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा पाय उचला म्हणणं मारोतींना जमलं नाही. तीन बाजू त्यांनी हातानं तपासल्या, चौथी हिरव्या दिव्यावर सोडली. पातळ सुती कापड दिव्याला कळत नाही.

यान वातावरणाबाहेर गेल्यावर ग्यानोबा कुरकुरले, "पायाला गार वारं लागून राहिलंय. ती खिडकी लावा की कुणीतरी."

उघडणारी खिडकी यानात एकही नव्हती.

मारोतींनी पिशवी बाजूला केली. उंबऱ्यापाशी बारीक शिट्टी वाजत होती. आतली हवा बाहेर चालली होती.

"अरे, माझी दस्ती!" ग्यानोबांनी हात घातला.

मारोतींनी त्यांचं मनगट धरलं. "ओढू नका. फट मोठी झाली तर आपण सगळेच तिच्या मागं जाऊ."

स्थानक अठरा मिनिटांवर होतं. श्वासाचे मुखवटे तेवीस, प्रवासी तेवीस. दारवाला मोजायचा राहून गेला होता.

"मावशी, पाणी हाय का?"

केवळाबाईंनी बाटली दस्तीवर दाबली. ओल्या कापडाच्या बाहेरच्या बाजूला बर्फ धरायला लागला, शिट्टी बारीक झाली. उरलेल्या फटीवर मारोतींनी उजवा तळहात दाबला. फट हात ओढत होती. आधी आग झाली, मग काहीच जाणवेना. त्यांना जास्त भीती त्याचीच वाटली.

"दुखतंय का रे लेकरा?" मुखवट्याआडून केवळाबाई म्हणाल्या. लेकरू बावन्न वर्षांचं होतं.

"बोलू नका मावशी. हवा लागते."

स्थानक लागलं. शिट्टी थांबली. वैमानिक म्हणाला, "काका, पलीकडं हवा भरली. हात काढा." मारोतींनी काढला नाही. मागं माणसं उतरायला उभी राहून एकमेकांना ढकलत होती. "पलीकडून कुणीतरी बोला," ते म्हणाले, "मला ऐकू येऊ द्या." दारापलीकडून एक बाई खेकसली, "उतरा की वो लवकर! इथं लाइन लागलीय!" तेव्हा त्यांनी हात सोडवला. थोडी कातडी दारालाच राहिली.

स्थानकावरच्या डॉक्टरनं पट्टी बांधून महिनाभर विश्रांती सांगितली. विश्रांती घरी घ्यायची होती, घर उमरीला, आणि उमरीला जायचं तर तसल्याच दारातून. पहिलं यान त्यांनी सोडलं, दुसरंही. भामाबाईंना फोनवर म्हणाले, "गर्दी लई हाय."

तिसऱ्यात बसले. तिथल्या दारवाल्यानं चौकटीवरून हात फिरवला, दिवा हिरवा झाला. मारोती पट्टा सोडून उठले आणि डाव्या हातानं रबर चाचपू लागले.

"काका, माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"न्हाई," मारोती म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.