बिनविरोध गावची उत्कर्षा

उद्या दुपारी तीन वाजेपर्यंत उत्कर्षा कुणाच्या हाती लागू नये, एवढी एकच धास्ती साधनाच्या मनातून हलत नव्हती. लेक पंचविशीची, हिंजवडीत नोकरीला. तरी साधना सारखी दारात येऊन फाट्याकडे बघत होती.

उत्कर्षा लहानपणापासून अशीच. चौथीत बाईंनी एका मुलाला वर्गप्रमुख नेमलं, तर ही उठून म्हणाली, "बाई, हात वर करायला सांगा ना." निवडून तोच आला, हिनेही त्यालाच मत दिलं. घरी येऊन म्हणाली, "पण आता तो आमचा आहे."

हे खूळ आईनेच तिच्या डोक्यात घातलेलं. साधना राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, आणि लग्न होऊन पौडपलीकडे, माले गावाच्या पुढच्या या गावात आल्यापासून तिने ग्रामपंचायतीला एकदाही मत दिलं नव्हतं. निवडणूक कधी झालीच नाही. दर वेळी भैरवनाथाच्या देवळात बैठक बसायची, गावचे पुढारी दादासाहेब नावं सांगायचे आणि बाकीचे बेल-भंडारा उचलून माघार घेण्याची शपथ घ्यायचे. वेशीवरच्या कमानीवर 'बिनविरोध गाव' अशी ठळक अक्षरं होती. पाहुण्यांना लोक कौतुकाने दाखवत.

यंदा गावाच्या गायरानातून रिसॉर्टचा रस्ता गेला. "याचा ठराव कधी झाला?" उत्कर्षाने ग्रामसभेत विचारलं. दादासाहेबांनी पुढचा विषय घेतला. तिने निवडणुकीचा अर्ज भरला.

"आई, जगात कुठेकुठे मतपत्रिकेवर एकच नाव असतं म्हणून आपण हळहळतो," ती म्हणाली होती. "इथे तर तेवढंही नाटक करावं लागत नाही."

अर्ज मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत, आणि त्याला तिचीच सही हवी. पण शेखरने, तिच्या बापाने, तिला न विचारताच देवळात भंडारा उचलला. पोर माघार घेईल, असा देवाला शब्द दिला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. उत्कर्षा कामावरून परस्पर कासारसाईला मैत्रिणीकडे राहायला गेली. इकडे साधना दिसली की नळावरच्या बायका गप्प होऊ लागल्या. डेअरीच्या पोराने त्यांचं दूध घेणं बंद केलं.

आज दिवेलागणीला दादासाहेब स्वतः आले. ओट्यावर बसून चहा मागून घेतला.

"सूनबाई, पोरगी लई हुशार हाय तुमची. आमाला अभिमान हाय."

"मग उभी राहू द्या की तिला."

दादासाहेब हसले. "राहू द्या की. पन गावाला डाग लागंल. आन् कासारसाईच्या धरणाकडचा रस्ता रातच्याला लई सुनसान. एकटी पोर स्कूटीवर. जिवाला घोर लागतो बगा."

कप खाली ठेवून, दोघांना रामराम करून ते गेले. कासारसाईचं नाव तिने कुणाकडे काढलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत?"

शेखरने दादासाहेबांचा रिकामा कप उचलला. "उद्या समजावून आनतील म्हनले. इज्जतीनं."

"अहो, ती तुमची मुलगी आहे."

"आन् द्यावाला दिल्याला शबूद? त्यो कुनाचा?" त्याने तिचा मोबाईल पुढे सरकवला. "तू फोन कर. आईची तब्येत बिगाडली म्हन. तुज्यासाठी पळत यील ती."

हे मात्र खरं होतं. एरवी ती कुणाला बधणार नव्हती, पण आईच्या एका हाकेवर आली असती. चहा प्यायला दादासाहेब उगीच आले नव्हते. बाकी सगळं त्यांच्याकडे होतं, फक्त ही हाक नव्हती.

फाट्यावर दादासाहेबांची पांढरी गाडी त्यांच्या घराकडे वळलीच नाही. दिवे लावून, तोंड पौडकडे, कासारसाईच्या वाटेला करून उभी राहिली. आणखी दोघे तिच्यात चढले.

साधनाने मोबाईल उचलला.

"करतीयास ना?" शेखरने विचारलं.

"करते."

ती परसात गोठ्यामागे गेली. काय सांगायचं ते ठरलं होतं: आत्ता तिथून नीघ, कुठे जातेस ते मलासुद्धा सांगू नकोस, आणि उद्या तीनच्या आत मी रडून बोलावलं, तरी येऊ नकोस.

तिने लेकीचं नाव दाबलं.