हळदीत रंगवलेली पलटण

आमच्या घरात युद्ध झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि माझा डावा गुडघा दुखत होता.

युद्धाला कारण माझा दीर. तो बोटीवर नोकरीला. नव्वदच्या दशकात बोटीवरचे दीर घरी येताना सेंटच्या बाटल्या आणायचे, नाहीतर टेपरेकॉर्डर. आमच्यानं सहा बंदुका आणल्या! दिसायला थेट लष्करी, पण प्लॅस्टिकच्या. आतून वाटाण्याएवढे प्लॅस्टिकचे छर्रे सुटायचे. "परदेशात मोठी माणसं झाडीत लपून एकमेकांवर झाडतात, वहिनी! ठिपक्याठिपक्यांचे लष्करी कपडे घालून!" एवढं सांगून तो बोटीवर परत गेला. बंदुका आमच्या सांगलीच्या घरात, गव्हाच्या डब्यामागे राहिल्या.

संक्रांतीला साताऱ्याहून माझा धाकटा भाऊ वसंता आला. तो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं बंदूक उचलली, एक डोळा मिटून माझ्या कॅलेंडरवर नेम धरला आणि आमच्या ह्यांच्याकडे वळला.

"दाजी, होऊन जाऊ दे! सातारा विरुद्ध सांगली. तीन-तीन गडी."

ह्यांचं कुपवाडला लेथचं छोटं वर्कशॉप. माणूस इतका गरीब, की डाससुद्धा हाकलतात, मारत नाहीत. तरी "चालेल की," म्हणाले. (पाहुण्यांना नाही म्हणणं ह्यांना जमत नाही. आमचं लग्नसुद्धा असंच ठरलं.)

"फक्त कपड्यांचं बघा," वसंता म्हणाला. "नाहीतर दाजी पांढऱ्या लेंग्यात यायचे आणि आम्हाला वाटायचं, शरण आले!"

"कपडे मी शिवीन," मी म्हटलं.

"तू? ताई, तू शाळेच्या चड्ड्या शिवतेस!"

आता हे खरं होतं. पण माझी चड्डी पाचवीत घातलेलं पोर सातवीत तीच घालून पास होतं, आणि त्या चड्डीनं घसरगुंडी, कुंपण आणि मास्तर, तिन्ही सोसलेले असतात! फौजेच्या कुठल्या कपड्याची एवढी परीक्षा होते?

"माझ्या कपड्यांत सांगली जिंकेल," मी म्हटलं.

"आणि हरली तर?"

"तर सगळ्यांसमोर म्हणेन, वसंता, तुझं बरोबर."

ह्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. वसंता नेहमी चुकतो म्हणून नव्हे, त्याला सवय लागू नये म्हणून!

दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला स्टेशनजवळच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात गेले. दुकानदारानं हिरव्या ठिपक्यांची पँट समोर टाकली.

"मावशी, हे कापड गोळी थांबवतंय!"

"आधी मला थांबवतंय का बघू," म्हणून मी दोन्ही हातांनी ताणलं. टर्रकन् आवाज झाला. दुकानदार मला थांबवू शकला नाही. दुसरी पँट नव्या नायलॉनची. ती चांगली होती, पण पाय टाकला की फरसाणाची पिशवी उघडल्यासारखी वाजायची. शत्रूला आधी भूक लागली असती आणि मग आमचा पत्ता!

शेवटी घेतला मांजरपाट. जाडा, स्वस्त, घाम पिणारा, आवाज न करणारा. गुडघ्याला दुहेरी कापड, काखेत जादा तुकडा, दुहेरी शिवण, चेनऐवजी बटणं. राहिला रंग. सगळे म्हणाले, हिरवा. मी विचारलं, सामना कुठे? तर विट्याच्या अलीकडे माझ्या मावशीच्या पडीक माळावर. कधी? मार्चमध्ये. मार्चमध्ये त्या माळावर हिरवं काय असतं? काहीही नाही! सगळं गवत वाळून पिवळं.

आणि पिवळ्या रंगासाठी सांगलीकराला दुकान शोधावं लागतं? बाजारातून हलकी हळद आणली, बाभळीची साल उकळून तपकिरी पाणी केलं, कापडाला जागोजागी दोऱ्या बांधल्या आणि दोन्हींत आळीपाळीनं बुडवलं. असा सुंदर वाळल्या गवताचा रंग चढला की अंगणात वाळत घातलेली पँट मला स्वतःला सापडेना! (आंघोळीचा हंडा वापरल्यामुळे आठ दिवस घरातला प्रत्येक माणूस बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसत होता, ते सोडा.)

हळदीचा एक धोका मला पुरता माहीत होता. साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. म्हणून मी पलटणीला समोर उभं करून बजावलं. पलटण म्हणजे आमचे हे, वर्कशॉपमधला गणपा आणि तिसरा गडी मिळेना म्हणून मी.

"साबण लावायचा नाही. आणि तंबाखू मळून चुन्याची बोटं पुसायची नाहीत."

"अगं, मी दिवाळीतच सोडली," हे म्हणाले.

"वैनी, म्या तर आयुष्यात हात लावला न्हाई," गणपा म्हणाला. त्याचे दात वेगळं सांगत होते, पण मी दातांकडे पाहिलं नाही. दिवाळीत ह्यांनी तंबाखू सोडली तेव्हा सोबत म्हणून मीही जेवणानंतरचा विडा सोडला होता. घर व्यसनमुक्त असल्याचं मी गल्लीभर सांगूनही झालं होतं.

सामन्याच्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा पँट घातली. डोळ्यांना इजा नको म्हणून वर्कशॉपमधले ग्राइंडिंगचे चष्मे. मावशी मला बघून ह्यांना म्हणाली, "जावईबापू, ह्यो कुठला मेकॅनिक आणलाय? आमची शालन कुठं हाय?"

पंच म्हणून मावशीच होती. वय पंच्याहत्तर, नजर घारीची. छर्रा लागला तरी लोक कबूल करणार नाहीत, असा वसंताला संशय. (सांगलीच्या लोकांबद्दल! साताऱ्याच्या माणसानं!) म्हणून त्यानं नियम काढला. छर्रे तेलातल्या कुंकवात घोळवायचे. बंदुका मावशीनंच भरायच्या, म्हणजे कुणाचे हात रंगणार नाहीत.

"लाल दिसलं की मेला," मावशीनं जाहीर केलं. "मग माझ्याशी वाद घालायचा न्हाई."

साताऱ्याचे तिघं फौजी हिरव्या वर्दीत आले. त्या पिवळ्या माळावर ते पालकाच्या तीन जुड्यांसारखे दिसत होते! आणि आम्ही? आम्ही गवतात आडवे झालो आणि संपलोच. वसंता ह्यांच्यापासून दोन हातांवरून गेला, ह्यांना दगड समजून ह्यांच्यावर पाय ठेवणार होता! मी पडल्या पडल्या एक फौजी टिपला. अर्ध्या तासानं दुसरा. दोघं छातीवर कुंकू घेऊन मावशीच्या बाभळीखाली ताक प्यायला बसले.

"ताई!" वसंता खडकामागून ओरडला. "कुठायस तू?"

"शाळेच्या चड्ड्या शिवतेय!" मी ओरडले आणि लगेच सरपटत जागा बदलली. गुडघा बोंबलत होता, पण दुहेरी कापडानं साथ सोडली नाही.

आता एकटा वसंता उरला, आणि आम्ही तिघं. जिंकल्यातच जमा! पण तो मुरलेला गडी. खडकामागे जो बसला तो तासभर हललाच नाही. ऊन चढलं. आम्हीही हललो नाही. नुसतं पडून राहायचं आणि वाट बघायची. रिकामा माणूस अशा वेळी काय करतो, हे मला लग्नाच्या वीस वर्षांनंतर तरी सुचायला हवं होतं.

तासानं मावशी काठी टेकत पाहणीला आली. गणपापाशी थांबली.

"ऊठ. मेलास."

"आवं मावशी, मला गोळी लागलीच न्हाई!"

"मग मांडीवर ह्ये लाल काय हाय?"

गणपानं खाली बघितलं. मांडीवर दोन बोटांचे लालभडक पट्टे! तो गप उठला आणि बाभळीकडे चालू लागला. मावशी चार पावलं पुढे गेली.

"जावईबापू, तुमीबी मेलाय. तीन ठिकाणी!"

"छे हो! हे... हे घामानं झालं असेल," आमचे हे म्हणाले.

गवतात पडलेल्या मला लांबूनच दिसलं. पँटच्या उजव्या बाजूला वर एक बोट, खाली दोन. वीस वर्षं मी ह्यांचे लेंगे धुतेय. ही बोटं मी अंधारात ओळखेन! युद्ध, वसंता, सांगलीची अब्रू, सगळं विसरून मी ताडकन् उभी राहिले.

"अहो! दिवाळीला काय शपथ घेतली होतीत? देवासमोर! आणि मी मूर्खासारखी गल्लीभर..."

खडकामागून वसंता उठला. बंदूक सरळ माझ्यावर. मी उघड्या माळावर, हात कमरेवर. नेम चुकणं शक्यच नव्हतं.

"थांब रं," मावशी म्हणाली. "गोळी वाया घालवू नगंस. ही कवाच मेलीया."

तिनं काठीनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे दाखवलं. खिशावर लाल बोटं होती. एक, दोन, तीन, चार, आणि झाकणावर अंगठा. माझ्या खिशात (कुणालाही न सांगता, फक्त प्रवासापुरतं, खरंच!) दोन पानं आणि चुन्याची डबी होती.

"अगं," आमचे हे फार हळू म्हणाले, "विडा सोडलास ना?"

"मावशी, हे कुंकू नाही, चुना आहे!" मी शेवटचा प्रयत्न केला.

"आगं, कुंकू तरी कशाचं असतंय? हळदीत चुनाच की! लाल दिसलं की मेला. वाद घालायचा न्हाई."

साताऱ्यानं आमच्यावर एकही छर्रा न उडवता सांगलीची अख्खी पलटण गारद केली होती. ताकाची भांडी खाली ठेवून सगळे माझ्याकडे बघत होते. मी शब्दाची पक्की आहे.

"वसंता, तुझं बरोबर."

"काय? ऐकू नाही आलं."

"ऐकू आलंय तुला! आणि कपड्यांत काडीची खोट नव्हती, हेही ऐक. कपडे खरेच होते. आतली माणसं खोटी निघाली!"

माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि त्याचा पुरावा वसंताकडेच आहे. युद्धातली लूट म्हणून त्यानं माझा शर्ट न धुता साताऱ्याला नेला आणि बैठकीत आपल्या पदकांशेजारी खिळ्याला टांगला. भाऊबीजेला गेलं की तो नव्या पाहुण्यांना जवळ नेऊन दाखवतो. बोटं आता विटकरी झालीत, पण पाचही मोजता येतात. पाहुणे हसतात. मी मात्र उठते, शर्टाची काख दोन्ही हातांनी ताणून दाखवते आणि विचारते, "एक तरी टाका उसवलाय का?"