पाचवी नळी

पानेमामांनी चाळीस वर्षं बसडेपोत फिटरकी केली. निवृत्तीनंतर सगळा जीव लावला तो जुन्या गाडीवर. गाडी जावयापेक्षा वयानं मोठी आणि, मामांच्या मते, समजूतदारही. पण वर्षभरात ती टेकडीच्या चढावर तीनदा उकळली. तिसऱ्या खेपेला आत विहीणबाई होत्या. वाफेचा असा लोट उठला की बाई दार उघडून उतरल्या आणि सरळ पायी घरी चालत्या झाल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा लेकीनं निक्षून सांगितलं, रविवारी चढ एका दमात चढली तर ठीक, नाहीतर सोमवारी गाडी भंगारात.

मामांनी बॉनेट उघडलं. रोग पाण्याच्या रबरी नळ्यांत होता. खालची मोठी नळी इतकी मऊ पडली होती की इंजिनानं जोर धरला की चपटी व्हायची आणि पाणीच अडवायची. मामांनी चार नळ्या कापून काढल्या, जोडाची तोंडं घासून लख्ख केली, नव्या चढवल्या, पट्ट्या आवळल्या. इंजिनामागची वीतभर नळी कडक लागली, ती तेवढी राहू दिली. डेपोतली खोडच ती. तिथं नळ्या तेल पिऊन मऊ पडायच्या, म्हणून मऊ ती बाद, कडक ती पास.

मामी बॅटरीचा उजेड धरून उभ्या होत्या. जन्मभर भाजी दाबून पारखणारी बोटं ती. त्यांनी हात घालून ती नळी चाचपली.

"अहो, कडक कसली, वाळलीये ही. वाकवून बघा जरा."

मामांनी वाकवली आणि काटकी मोडावी तसे दोन तुकडे हातात आले. मामांनी ते तुकडे मामींच्या तळहातावर ठेवले. मग म्हणाले, "तू डेपोत असतीस तर मी हेल्परच राहिलो असतो."

पाचवी नळी बसली. नवं पाणी भरताना आत हवा अडकू नये म्हणून गाडी नाक वर करून लावली आणि बुडबुडे थांबल्यावरच रेडिएटरचं झाकण घट्ट केलं.

रविवारी जावई मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन मांडीवर घेऊन बसला. लेकीची नजर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर. पहिलं वळण, दुसरं वळण. काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच मांडी घालून बसला. गेल्या खेपेची जागा मागे पडली तशी मामी सीटला टेकून बसल्या. मामा शीळ घालू लागले, बेसूर, पण अडवणार कोण? माथ्यावर त्यांनी बॉनेट उघडून लेकीचं बोट धरलं आणि पाचही नळ्यांच्या जोडांवरून फिरवलं. बोट कोरडंच.

लेकीनं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला, येऊ नका म्हणाली. बाकी काही जुनं द्यायचंय का, असं त्यानं विचारलं. तिनं आईबापाकडे पाहिलं.

"नाही हो. आमच्याकडचं जुनं सगळं चालू आहे."