अठ्ठावीसचा गळा

लखीराम अंगणात आला की आधी बॉनेटवर थाप मारतो आणि विचारतो, "काय वं बुढे, जित्ती हायेस?" हे आमच्या जुन्या फियाटला. मग मला नमस्कार. एकोणचाळीस वर्षांत हा क्रम चुकलेला नाही.

तो बोरी अरबजवळच्या तांड्यातला. दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर त्याचं टिनाचं गॅरेज आहे. बायको, रुपीबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा बबलू पुण्यात गाड्यांना कॉम्प्युटर जोडून दोष शोधतो. तांड्यातलं घर बंद करून लखीराम आता गॅरेजातच राहतो. पूर्वी तिथे गाड्यांची रांग असायची. आज गावात कार्बोरेटरची चारचाकी माझी एकटीच उरली आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती बोरी अरबच्या अलीकडच्या चढावर बंद पडायला लागली. मी दर गुरुवारी वाचनालयाची पुस्तकं बदलायला यवतमाळला जाते. लखीरामने प्लग बदलले, टाकी धुतली, पेट्रोलला शिव्या दिल्या. तो स्वतः चढावर घेऊन गेला की गाडी सरळ वर जायची, माझ्या हातात मात्र खोकून थांबायची. शेवटी साकेतने, माझ्या मुलाने, फोनवर सांगितलं, "आई, आता एकदा जरी बंद पडली, तर मी येऊन भंगारात देणार."

लखीरामला हे सांगितलं तेव्हा तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, हे गेली तं मले येथी कोन इचारते? बबलू म्हन्ते पुण्याले ये, वाचमन लावतो. वाचमन! मी!"

त्या दिवशी मी डायरी आणून त्याच्यासमोर बसले. गाडीची प्रत्येक फेरी मी लिहून ठेवते. ती सवय ह्यांनी, नीळकंठरावांनी, लावली. मी वाचलं, "बारा एप्रिल, लखीरामने कार्बोरेटर बदलला. एकोणीस एप्रिल, चढावर बंद. तिसरा गिअर, तीसचा वेग."

"थांबा. तीसवर तिसरा? टाकता कधी?"

"पंचवीसला."

"आन् साहेब?"

"पन्नास झाल्याशिवाय नाही. किती ओरडायचे माझ्यावर, तुला माहीत आहे."

तो खाली बसला. मग म्हणाला, "चुकलं माह्यं."

जुन्या कार्बोरेटरचा गळा, म्हणजे हवा जाते ती अरुंद जागा, चोवीस मिलिमीटरचा होता. तो कार्बोरेटर झिजला, तेव्हा लखीरामने दुसरा आणला आणि त्यात अठ्ठावीसचा गळा बसवला. दवाखान्यात ह्यांनी त्याला म्हटलं होतं, "लखीराम, पुढच्या खेपेला अठ्ठावीसचा टाक, मग बघू ही कशी पळते." ते घरी आलेच नाहीत. याने मात्र शब्द पाळला, आणि मला काही सांगितलं नाही.

"हे आपल्या दमानं हवा ओढनारं इंजिन हाय, बाई. मांगून कोनी ढकलत नाही. जेवढे फेरे, तेवढाच श्वास."

मी पेन्सिल घेतली. इंजिन एक हजार एकोणनव्वद सीसीचं. दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. मिनिटाला चार हजार फेरे असले तर सुमारे बावीसशे लिटर हवा. माझ्या पायाखाली पंधराशेच फेरे, म्हणजे जेमतेम आठशे. त्यात गळा रुंद केला, तर तेवढीच हवा जवळजवळ पाव हिश्श्याने मंदावते आणि पेट्रोल नीट उचलत नाही. ह्यांच्या पायाला अठ्ठावीस शोभला असता. आता गाडी मी चालवते, हे मला आणि लखीरामला, दोघांनाही मापात धरता आलं नव्हतं.

लखीरामने लेथवर चोवीसचा गळा कातून घेतला, त्याला जुळणारी लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बसवली. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"तुमीच चालवा. माह्या पायानं पायलं, म्हनून तं घोटाळा झाला."

आणि तो डावीकडे बसला. त्या सीटवर माझी पुस्तकांची पिशवी असते. त्याआधी तिथे मी असायचे. लखीरामने पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीला चिकटून बसला. चढ आला. तीसचा वेग, तिसरा गिअर. मी पाय दाबला. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, पण तुटला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा त्याने श्वास सोडला.

"काय वं बुढे," तो पुटपुटला. "वाचोलं वं मले."

परतल्यावर त्याने अठ्ठावीसचा गळा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "साहेबाचा हाय. ठेवा." मी तो ह्यांच्या चष्म्याच्या कप्प्यात ठेवला.

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले, एकटी आले. गाडी कुठेही थांबली नाही. त्यामुळे लखीरामला बोलवायला कारण नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नव्हतं. डायरीत दोन्ही दिवशी एकच ओळ आहे, "ठीक."

शनिवारी त्याचाच फोन आला.

"बाई, बंद पडली का?"

"नाही रे. छान चालते."

"बरं." मागे गॅरेजात काहीच आवाज नव्हता. "मंग... प्लग पाहाले येऊ का?"

प्लग त्याने महिन्यापूर्वीच बदलले होते, माझ्याकडे तारीख आहे.

"ये," मी म्हटलं.