सुतळीने शिवलेली वही

साहेबांनी माझी वही दोन बोटांनी उचलली. हवेत धरली. तिची शिवण बघितली आणि शेजारच्या दोघांना म्हणाले, "अरे, ये क्या है? कांद्याचं पोतं?"

तिघेही हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

वाशीतलं ऑफिस. काचेची खोली, आत गार हवा. वेबसाइट बनवणाऱ्या त्या कंपनीत मला शिकाऊ म्हणून लागायचं होतं. आयुष्यातली पहिली मुलाखत. काचेपलीकडे सोफ्यावर आबा बसले होते, माझे वडील. आबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत, पाठीवर पोती वाहतात. त्या दिवशी खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले होते. सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. पाठ टेकलीच नाही.

आता वहीचं सांगते. आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. कोपरखैरण्याच्या क्लासात रोज एक तास मशीन मिळायचं. म्हणून कोड मी घरी वहीत लिहायची. पहिली-दुसरीतल्या पोरांची असते ना, गणिताची चौकटींची वही, ती. एका चौकटीत एक अक्षर. ओळ आत सरकवायची तर चार चौकटी मोकळ्या सोडायच्या. उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाय का, ते लाल पेनाने रेघ ओढून बघायचं. मग क्लासात जाऊन भराभर टाईप करायचं. मशीनवर बसून चुका करत राहण्याची चैन आम्हाला परवडणारी नव्हती. चूक वहीतच पकडायला लागायची.

अशा पाच वह्या भरल्या. पानं सुटायला लागली. आबांनी पोती शिवायचं दाभण काढलं, सुतळी ओवली आणि पाचही वह्या एकत्र शिवून टाकल्या. प्रत्येक टाका दातांनी ओढून घट्ट केला. म्हणाले, "आता फाडून दाव."

तीच वही साहेबांच्या दोन बोटांत लोंबत होती.

"लॅपटॉप नाही आणलास?"

"नाही सर."

"रिअॅक्ट येतं?"

"जेक्वेरी येतं सर. सगळं येतं."

"जेक्वेरी?" ते खुर्चीत मागे रेलले. "नवीन कामाला आता कोण वापरतं ते? कुठल्या जमान्यातून आलीस?"

वेबसाइट बनवायला जेक्वेरी जुनं झालं आणि आता रिअॅक्ट चालतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. क्लासवाल्याकडे जुन्या नोट्स होत्या, त्याने त्या शिकवल्या. मी मान खाली घालून वर्षभर उतरवून घेतल्या. ज्यांच्या घरात कुणी आधी शिकलेलं असतं, त्यांना जेवताजेवता कळतं की काय जुनं झालं आणि बाजारात नवीन काय आलं. आमच्या घरात मी विचारायचं कुणाला? शिकावं लागतं एवढं आम्हाला ठाऊक होतं. शिकलेलं शिळं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"वडील काय करतात?"

"माथाडी आहेत."

"तरीच."

एवढंच म्हणाले. मग मोबाईल काढून वहीचा फोटो काढला आणि वही माझ्याकडे सरकवली. आतली एक ओळ वाचली नाही. वाचली असती तर एकही कंस उघडा सापडला नसता.

बाहेर आले तर आबा उभेच. "काय म्हनाला सायेब?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जागा नाही म्हणाले. पण वही आवडली. फोटो काढला त्यांनी."

दुसऱ्या दिवशी आबांनी ते मार्केटात सांगितलं. मग चाळीत. मग गावाकडून पाहुणे आले की चहाबरोबर तेच. "आमच्या पोरीच्या वहीचा सायबानं फोटू काडला." ते सुरू झालं की मी उठून स्वयंपाकघरात जायची. उगाच भांडी विसळत बसायची.

रिअॅक्ट मी आबांच्या मोबाईलवर शिकले. ते कामावरून आले की मोबाईल माझा. वही पुन्हा तशीच, चौकटींची. रिअॅक्टमध्ये वेबसाइटच्या पानाचे लहान लहान तुकडे करायचे, तुकडा एकदा लिहायचा आणि लागेल तिथे लावायचा. ते मला लवकर कळलं. दोन वर्षांनी त्याच ऑफिसात लागले. मुलाखत एका मॅडमनी घेतली. चांगल्या बोलल्या. साहेबांनी मला ओळखलंही नाही.

ऑफिसच्या चॅटवर जुनं सगळं दिसतं. लागल्यावर महिन्याभरात मी मागे मागे जात तो दिवस शोधला. माझी वही होती. सुतळी स्पष्ट दिसत होती. खाली साहेबांनी लिहिलेलं, 'आजच्या कॅन्डिडेटचा लॅपटॉप.' त्याखाली हसरे चेहरे, ओळीने. कोण कोण हसलं त्यांची नावंही दिसतात. मला नोकरी देणाऱ्या मॅडमचंही नाव होतं. मी स्क्रीन बंद केली आणि दिलेलं काम पूर्ण केलं. त्या दिवशी डबा उघडला नाही.

आणखी दोन वर्षं गेली. ऑफिसातली अवघड कामं माझ्याकडे यायला लागली. मागच्या महिन्यात साहेबांना, त्या दिवशी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने सांगितलं, की ती वहीवाली मुलगी हीच. त्यांनी मला त्याच खोलीत बोलावलं. मॅडमही होत्या.

"अगं, तू ती? काय जर्नी आहे! ती वही घेऊन ये. रिसेप्शनला फ्रेम करून लावू. खाली लिहू, पोत्यापासून रिअॅक्टपर्यंत. वडिलांना पण बोलव, फोटो काढू."

"वही मिळणार नाही, सर."

"का गं? तुझाच सन्मान आहे."

"फोटो आहे ना तुमच्याकडे. त्याखाली तुम्ही लिहिलेलंही आहे. तेच लावा."

मॅडम लॅपटॉपमध्ये बघत राहिल्या. साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. गंमत होती ती. तू पण हसली होतीस."

"हो. हसले होते. आज नाही हसत."

घरी आले. आबा खांद्याला बाम चोळत बसले होते. आता पोतं उचललं की खांदा धरतो त्यांचा. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. "आबा, वही आवडली म्हणून फोटो नव्हता काढला. हसले होते ते. तुमच्या शिवणीला हसले."

आबांनी बामाच्या डबीचं झाकण लावलं.

"ठावं हाय मला."

"कसं?"

"काचंची खोली व्हती, पोरी. तू हसलीस तवाच कळलं. तू अशी कदी हसत न्हाईस."

"मग साऱ्या मार्केटात का सांगत फिरलात?"

त्यांनी डबी फळीवर ठेवली. मग म्हणाले, "मला कळलंय, हे तुला कळाया नगं व्हतं."

मी खूप रडले. चार वर्षं मी आबांपासून लपवत होते आणि आबा माझ्यापासून. मी स्वयंपाकघरात उठून जायची, तेव्हा मागे त्यांचं काय होत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. एका माणसाच्या गमतीचं ओझं आम्ही बाप-लेक घरात वाहत होतो आणि तो माणूस ते विसरूनही गेला होता.

येत्या सोमवारी ऑफिसात नव्या पोरांच्या मुलाखती आहेत. या वेळी टेबलाच्या अलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांत, मलाही बसवलंय. वही मी सोबत नेणार आहे. टेबलावर, साहेबांच्या समोर ठेवणार. येणाऱ्याने जे लिहून आणलं असेल ते पहिल्या ओळीपासून वाचणार. जुनं असेल तर जुनं आहे म्हणून सांगणार, आणि नवं कुठे शिकायचं तेही सांगणार. बाप काय करतो, हे कुणालाही विचारू देणार नाही. कुणी फोटो काढायला मोबाईल उचलला, तर मुलाखत तिथेच थांबवणार. नोकरी गेली तर जाईल.

त्या खोलीत मी पुन्हा हसणार नाही.