दादाच्या हार्वेस्टरचं पाणी

तिला सगळे बाटलीताई म्हणत. नवख्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा, आणि तो झाला की ती पोट धरून हसायची. अहो, कारण अगदी साधं होतं. थंडी तोंडावर आली की ती प्रत्येक ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधून वाटीभर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं पाणी, काढायची, छोट्या बाटलीत भरायची, मालकाच्या नावाची चिठ्ठी डकवायची आणि वर्कशॉपमधल्या जुन्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बाटली खळखळली तर मशीन पास. दगड झाली, तर मालकाने दिवसभर बोलणी खायची.

सगळ्यांची मशीनं तिच्या हाताखालून जात, एका थोरल्या भावाचं सोडून. "तू माझी लाडकी बहीण, पण हार्वेस्टरला हात लावायचा नाही," दादाचं आपलं एकच पालुपद. पंचवीस वर्षं मेकॅनिकी केली, तरी सख्ख्या भावाच्या लेखी ती अजून पान्हे लपवणारी धाकटीच. हे मात्र तिला फार लागायचं.

यंदा वहिनीनेच गुपचूप हार्वेस्टरच्या कूलंटची बाटली आणून दिली. सकाळी बघते तर दगड! बाटलीताई तडक दादाच्या घरी गेली आणि जेवणाच्या टेबलावर बाटली ठक्कन आपटली. वहिनीने ताट पटकन मागे ओढलं.

"तुझं कूलंट! आज रात्री पारा शून्याखाली जाणार. मशीनमध्ये हे असं गोठलं की इंजिन फुटेल. मग काप मका विळ्याने."

"काहीतरीच! रंग बघ की, हिरवागार आहे."

"रंग राहतो रे, ताकद जाते. उन्हाळाभर काय ओतलंस?"

दादा भाजीकडे बघत बसला. वहिनी म्हणाली, "नळाचं पाणी. बादल्याच्या बादल्या."

"उकडतच तेवढं होतं," दादा पुटपुटला आणि त्याने किल्ली पुढे सरकवली. "कर बाई काय करायचं ते. मी शेजारी उभा राहीन."

उभा कसला राहतोय! तिने त्याच्या हातात पिंप दिलं. "एक थेंब जमिनीवर नको, गोड विष आहे हे, कुत्री चाटतात आणि मरतात." खालचा नळ सोडून जुनं पाणी काढलं, आतून खळखळून धुतलं, मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर कालवून भरलं. हीटर चालू ठेवून इंजिन फिरवलं. आतली हवा निघाली, पातळी उतरली, पुन्हा भरलं. "झालं?" दादाने सात वेळा विचारलं. "गप रे!" तिने आठ वेळा सांगितलं. दोघं चिंब भिजली होती आणि लहानपणीसारखी खिदळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेत गोठलेल्या दवाने पांढरंफटक पडलं होतं. दादाने किल्ली फिरवली. क्षणभर काहीच नाही. बाटलीताईचा जीव टांगणीला! आणि मग इंजिन असं गरजलं की दादा केबिनमध्ये बसल्या बसल्या ओरडला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या वस्तीवरच्या शेतकऱ्याचं हार्वेस्टर हूं की चूं करत नव्हतं.

"आमचं झालं की सुरू!" दादा म्हणाला. "थांबा, आमच्या मेकॅनिकला देतो."

तिने फोन हातात घेतला. पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो चाललेलं. शेवटी बाहीने डोळे पुसून ती म्हणाली, "मेकॅनिक बोलतेय. आधी किल्ली फिरवणं थांबवा बघू."