तेरावी पुडी

लिहून राह्यला ना रे? लिही.

आमच्या इंझोरीत गोजराबाई होती, तिची गोष्ट हाय. मोठ्या लढाईच्या दोन-चार वरसं आंधीची. बाई उंच, हाडकुळी, अन् कवाही पाहा, थकेल. सकाळी उठली तरी थकेल, जेवून बसली तरी थकेल. नवरा जाऊन बारा वरसं झाल्ती, लेकरू-बाळ काई नव्हतं. घरात देर होता, नवऱ्याचा धाकटा भाऊ जगदेव, अन् त्याची बायको. गोजराबाई लगन होऊन आली तवा हा जगदेव नाक पुसत फिरे, तिनंच त्याले न्हाऊ-माखू घातलं. आता त्याच्याच मिशा पांढऱ्या व्हाले आल्त्या.

विहिरीजवळ तिचा भाजीचा मळा होता. मळा कायचा, कोहळ्याचा म्हन ना. आपलं लाल कोहळं, आतून केशरी, ज्याची पितरायच्या पंधरवड्यात घरोघर भाजी लागते अन् गूळ घालून बोंडं तळतात. इंझोरीत पितर जेवले ते गोजराबाईच्या कोहळ्यावर जेवले. आसेगावचे लोकं भी बैलबंडी घेऊन येत. ते बी तिनं माहेराहून लुगड्याच्या पदरात बांधून आनेल होतं. दर वरसी एक कोहळं ती बियासाठी राखे. कोनतं राखलं हे तिच्या डोक्यात राहे, कोहळ्यावर थोडंच लिहेल होतं?

एका हिवाळ्यात तिले हिवताप आला. वीस दिवस गोधडीत. घरात कोहळे पडेल होते, ते जगदेवनं बंडीत भरले अन् मानोऱ्याच्या बजारात नेऊन इकले. बियाचं भी गेलं त्यातच. उठली, भिंतीचा आधार घेत घेत कोपऱ्याशी गेली, कोपरा मोकळा.

"जगदेवा, इथलं कोहळं?"

"इकलं ना वयनी. सगळ्यात मोठं तेच होतं, चांगलं गेलं."

तिनं कपाळावर हात मारला नाई का रडली नाई. खाली बसली नुसती. जगदेवले समजलं तवा त्याचं तोंड एवढंसं झालं. पन मानूस लाजला का जास्तच जोरात बोलते. तो म्हने, "वयनी, एक सांगतो. बैल म्हतारे झाले, मोट ओढवत नाई त्यायच्यानं. या वरसी पितरायले मळ्यानं हात देल्ला तं एक जवान बैल घेऊ अन् मळा ठेवू. नाई तं दिवाळीले मोट सोडतो अन् तिथं हरभरा पेरतो."

"बी तूच इकलं अन् हात मळ्यानं द्यावा?"

तो उठून बाहेर गेला. पन बोलला तो बोलला.

आता गावात बी मांगावं कोनाले? सारं गाव तं तिच्याकडून नेई. बजारातलं बी घेतलं तं अर्धे वेल कडू निंगत.

चैतात ती मानोऱ्याले रहमतुल्लाच्या दुकानात हळद घ्याले गेली. रहमतुल्ला किराना इके, मानूस मोठा गमत्या. हळदीची पुडी त्यानं एका चिकन्या कागदात बांधली, त्यावर फुलकोबीचं चित्र. गोजराबाईनं हळद राहू देल्ली अन् कागदच पाहत बसली.

"हे कायचं हाय रहमतुल्लाभाई?"

"पुन्याकडच्या बियावाल्यायचं सूचीपत्र हाय बाई. चिठ्ठी टाकली का डाकेनं बी घरी येते. पैसे पुडी हातात आल्यावर द्याचे, व्हीपी म्हनतात त्याले. पाहिजे? घेऊन जा पूरं. माही हळद तेवढी उघडी न्या लागन."

तिनं हळद पदरात बांधली अन् सूचीपत्र पोटाशी धरून आली.

मंगळवारी सेवादास आला. तो मानोऱ्याकडच्या तांड्यातला, चार बुकं शिकेल, डाक वाटे. गावात चिठ्ठी वाचाले तोच, लिहाले भी तोच. गोजराबाईनं त्याले पाटावर बसवलं, गूळ-पानी देल्लं, अन् सूचीपत्र मांडीवर ठेवलं. बाजूले कस्तुराबाई येऊन बसली. ती शेजारीन, गोजराबाईची जिवाभावाची, पन जिभेनं मोठी तिखट.

सेवादास वाचे. "कोथिंबीर."

"ते काय असते रे बापू?"

"सांबार, काकी. आपल्या सांबाराले पुन्यात कोथिंबीर म्हनतात. शाळेत होतं आमच्या पुस्तकात."

"अवो माय!" कस्तुराबाई म्हने. "सांबाराले अंगडं-टोपडं घातलं!"

"म्हनून म्हनतो, नीट पाहून लिहा लागते. त्यायचे शब्द निराळे." सेवादासची मान ताठ झाली. "पुढं, तांबडा भोपळा."

भोपळा म्हंजे आपल्याकडे लवकी, ती हिरवी लांबोळी दुधी, हे तं तुले मालूम हाय. गोजराबाई किती दिवसानं हासली. "लाल लवकी? लाल लवकी कोन खाते बाप्पा? पुढं चाल."

"कोहळा."

"आं? काय म्हनला?"

"कोहळा. हे पाहा, साफ लिहेल हाय. को, ह, ळा."

बाईच्या जिवात जीव आला. सांबार बदललं, लवकी बदलली, पन कोहळ्याले पुन्यात भी कोहळंच म्हनतात. एवढ्या लांबच्या लोकायनं तिचा शब्द राखला, हेच तिले मोठं वाटलं. सेवादासनं भी मंग त्या शब्दाची चौकशी केली नाई. जो शब्द अडला नाई त्याची कोन चौकशी करते?

खाली बारीक अक्षरात एक सवलत होती. बारा पुड्या एकदम घेतल्या तं तेरावी फुकट, अन् डाकखर्च माफ. गोजराबाईले तशा चार पुड्या लागत होत्या. पन थकेल मानसाले फुकट म्हटलं का उलीसं बळ येते. दोन आन्याची पुडी, बाराचा दीड रुपया, अन् वरतून एक तशीच. मनात चार-चारदा बोटावर मोजलं तिनं.

"बारा लिही."

"बाराही कोहळ्याच्या?" सेवादासनं इचारलं.

"दहा कोहळ्याच्या, दोन सांबाराच्या. वांगे नाई लावत या वरसी, मिरच्या नाई लावत. सारा मळा कोहळ्याचा."

कस्तुराबाई म्हने, "अव, एखांदी पुडी लावून पाहा आंदी."

"एका पुडीवर तेरावी देतात का?"

जेठात पार्सल आलं. मेथी इकून ठेवेल दीड रुपया तिनं सेवादासच्या हातावर ठेवला. पुड्या एक एक करून मांडल्या अन् त्यानं नावं वाचली. दहा कोहळा, दोन कोथिंबीर. तेरावी फुकटची, त्यायनंच आपल्या मनानं टाकेल. वाचून सेवादास हासाले लागला.

"काकी, लाल लवकी आली तुमची!"

"फुकटचं तसंच असते," म्हने गोजराबाई. अंगनाच्या कडेले शेणकचऱ्याचा उकंडा होता, तिथं तिनं ती पुडी झटकून देल्ली. "कोंबड्या तरी खातीन."

बी लावलं. जेठाचं ऊन, बैल मोट ओढताना दर दोन खेपेले थांबत, अन् गोजराबाई बैलायसंग थांबे. पान्याचा पाट फिरवता फिरवता कंबर धरून उभी राहे. जगदेव दुरून पाहे. कोंबही असे फुटले का इचारू नोको. आषाढात वेल धावत सुटले.

एक दिवस ती पान उलटं-सुलटं करून पाहत होती. तिच्या माहेरच्या कोहळ्याच्या पानावर पांढरे ठिपके राहत, जसे कोनी चुन्याचे बोटं लावले. हे पान कोरं हिरवं. तिनं आनखी दोन-चार पानं उलटली. पन ती सोताले म्हने, पुन्याचं बी हाय, पानी निराळं, माती निराळी, पान निराळंच असनार. तिले समजलं नसन असं म्हनू नोको. ज्या बाईनं तीस वरसं एकच वेल पाह्यला तिले कसं नाई समजनार? समजून घ्याची ताकद नव्हती अंगात, एवढंच.

फळं धरली. हिरवी, अंगावर बारीक लव. मोठी झाली, लांबोळी झाली, अन् भादव्यात त्यायच्यावर पांढरी राख बसाले लागली. गोजराबाईले वाटलं, नाई, वाटून घेतलं म्हन, का रोग पडला. ओलं फडकं घेतलं अन् एकेक फळ पुसत बसली. सकाळपासून दुपारलोक पुसे. दोन-चार दिवसानं पुन्हा तसंच भुरकट. पुन्हा पुसे.

कस्तुराबाई मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन उभी राह्यली.

"गोजरे, तुह्या कोहळ्यायचे केस पांढरे झाले व."

गोजराबाई पुसतच राह्यली.

"अव बाई, पुसून जवान होतात का ते? भुरं कोहळं हाय हे. दाराले टांगतात ते. दसऱ्याले कापतात ते."

तवा तिच्या हातातलं फडकं गळलं. मातीतच फतकल मारून बसली. "त्यायनं कोहळं लिहेल होतं ना व."

"त्यायचं कोहळं हेच असंन, माय."

कस्तुराबाई आत आली, तिच्याजवळ टेकली, अन् दोघी तशाच बसल्या. समोर सारा मळा भुऱ्या कोहळ्यायनं भरेल. पीक कसं? असं पीक तिले जलमात आलं नव्हतं.

पितरायचा पंधरवडा लागला. बाया टोपले घेऊन येत, धुऱ्यावरून पाहत, अन् "पुढच्या वरसी घेऊ" म्हनून वापस जात. आसेगावची बंडी आली तशी गेली. पितरायले भुरं कोहळं कोन रांधते? रहमतुल्लानं पेठा करनाऱ्या हलवायासाठी एक बंडी नेली, मातीमोल भावानं. बाकीचे गोजराबाईनं वाटून टाकले. त्या वरसी इंझोरीत एक दार नव्हतं ज्याले भुरं कोहळं टांगेल नाई. लोकं म्हनत, आता गावाले कोनाची नजर लागत नाई. तिले ते आयकू आलं तरी ती मान वर करे नाई.

अष्टमीले तिच्या सासऱ्याचं पितर. जगदेवची बायको म्हने, "बाई, कोहळ्याची भाजी कशाची करू? पहिल्यांदा पान कोहळ्याबिगर वाढा लागते."

गोजराबाई राख टाकाले उकंड्याकडे गेली. पावसाळाभर तिकडे कोनी पाह्यलं नव्हतं, रानगवत कंबरभर वाढेल. राखेची पाटी उलटी केली तं गवतात काईतरी थप्प वाजलं. गवत बाजूले केलं. वेल होता, मनगटाएवढा जाड. पानावर पांढरे ठिपके. अन् बुडाशी, शेणात बसेल, तांबूस-पिवळं, खापा पडेल कोहळं. तिनं आनखी गवत सारलं. दुसरं. तिसरं. सात होते.

लाल लवकी.

ती हासली नाई. पदरानं एक कोहळं पुसलं, उगीच, पुसाची सवय लागल्ती म्हनून. अन् उचलाले वाकली तं उचलवलं नाई, एवढं जड.

दुपारी पान वाढलं. जगदेवनं भाजीचा घास घेतला अन् थांबला.

"वयनी, हे कुठून आनलं कोहळं?"

"कोहळं नोहे ते. लाल लवकी हाय. फुकटची."

तिनं सारं सांगितलं तसा जगदेव असा हासला का ठसका लागला त्याले. पानी पेला. मंग हासनं गेलं त्याचं. खाली मान घालून म्हने, "बियाचं मी इकलं नसतं तं हे काईच झालं नसतं."

"नसतं झालं," ती म्हने. खोटं कायले बोलन?

"पन मोट सोडाच लागते वयनी. बैल राह्यले नाई."

"सोड बाबा. तुह्या बैलायचं सांगतं, माहंच वय पाह्यलं का तू? ते चाक करकर वाजे तवा मले वाटे माहेच हाडं वाजून राह्यले."

जगदेवले वाटलं होतं ती भांडन. भांडली असती तं त्याले सोपं गेलं असतं.

दिवाळीले मोट उतरली. मळ्यात हरभरा पेरला. विहिरीवर सकाळी सकाळी जाची सवय होती तिची, ती गेली, उभी राह्यली, वापस आली. दोन-चार दिवस तसंच केलं. मंग नाई गेली.

पन सात कोहळ्यायतलं सगळ्यात मोठं तिनं अलग काढलं. चुन्यात बोट बुडवून त्याच्यावर एवढा मोठा टिळा लावला अन् जगदेवले बलावून दाखवला. "हे दिसते का?"

"दिसते ना."

"आंधळ्याले भी दिसन. हे इकलं तं मी तुले इकीन."

चैतात सेवादास नवं सूचीपत्र घेऊन आला. बिचारा ओशाळेल होता, पाटावर बसलाच नाई. म्हने, "काकी, या वेळी मी एकेका शब्दाचा अर्थ इचारून आलो मानोऱ्याच्या मास्तरले. सवलत भी हाय. चोवीसवर तीन फुकट."

"वाच बापू, तुले वाचाचं तं. मले आयकाले काई हरकत नाई."

तो वाचत राह्यला. तिनं त्याच्या हातातलं वाचून झालेलं एकेक पान घेतलं, त्यात आपल्या कोहळ्याचं चिमूट चिमूट बी घातलं, अन् घडी घालून पुड्या बांधत गेली. एक कस्तुराबाईची, एक रहमतुल्लाची, एक आसेगावची. सूचीपत्र सरलं तवा पुड्या झाल्त्या बऱ्याच. त्यातली एक उचलून ती उठली, कंबर धरून, अन् उकंड्याकडे गेली.